कौलाने दिलेला पंच

गेलं वर्षभर मी एका मासिकासाठी लेखमाला लिहीत होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी आपली पहिली सरकारं कशी बसवली, हा विषय. आफ्रिकेतले देश झाले, आग्नेय आशियातले झाले, आपलाही झाला. साहित्य भरपूर मिळालं, पण ते सगळं राजधानीतलं होतं. घटना समित्या, शपथविधी, नवे झेंडे. जुना राज्यकर्ता गेला, आता तुमचं तुम्ही बघा, असं एखाद्या वाडीला सांगितलं गेलं तेव्हा त्या वाडीनं नेमकं काय केलं, हे कुठेच सापडेना. शेवटच्या लेखासाठी मला तेच हवं होतं.

त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. गोवा आमच्या कोल्हापूरहून एका सकाळच्या अंतरावर आहे. एकसष्टच्या डिसेंबरात तो मोकळा झाला आणि लवकरच गावोगाव पंचायती आल्या. त्या पहिल्या पंचायती पाहिलेली माणसं अजून आहेत. म्हापशाला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं की पेडणे तालुक्यात एक वाडा, म्हणजे वाडी, आहे, तिथे पंचाच्या जागेसाठी आजवर एकदाही मतदान झालेलं नाही. निवडणूक लागलीच आहे, आत्ताच जा. राहायची सोयही तिनंच लावली. गावाचं नाव मी इथे देत नाही. तिथल्या लोकांना एकमेकांसोबतच राहायचं आहे.

दसरा उलटून गेला होता. आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरला. आंबोलीत सकाळी धुकं असतं, त्यामुळे घाट उन्हं आल्यावर उतरलेला बरा. सावंतवाडीला चहा आणि भजी घ्या, पण पेट्रोल भरू नका. पत्रादेवीचा नाका ओलांडला की ते स्वस्त मिळतं, आणि तिथल्या पंपावर सिंधुदुर्गातल्या गाड्यांची रांग बघून तुम्हाला ते कळेलच. हमरस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे. पेडण्याच्या पुढे आत वळलं की तो संपतो आणि माडांमधून जाणारा, दोन गाड्या जेमतेम मावतील असा रस्ता सुरू होतो. समोरून बस आली की कोणीतरी मागे जायचं. बस जात नाही.

मी उतरले ते सुलभाच्या घरी. पन्नाशीची, उंच, बोलताना हात सतत कशात तरी गुंतलेले. मागच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते, दोन वेळच्या जेवणासकट हजार-बाराशे रुपयांत. दुपारी तिनं शीत म्हणजे भात, बांगड्याचं हुमण म्हणजे ओल्या नारळातलं कालवण, आणि सोलकढी वाढली. जेवणाविषयी इथेच सांगून टाकते: त्या हुमणासाठी मी पुन्हा एकदा तो घाट उतरेन.

माझ्या मैत्रिणीनं एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण तिला ती माहीत नव्हती. या वेळी पंचाच्या जागेसाठी दोन अर्ज होते, आणि दुसरा अर्ज सुलभाचा होता.

वाड्याची रीत तिनं भांडी विसळता विसळता सांगितली. निवडणूक जाहीर झाली की मानकरी रवळनाथाच्या देवळात जमतात. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, एकेका नावाचं गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्या नावाला उजवा कौल मिळेल त्यानं अर्ज भरायचा. चुकून दुसऱ्या कोणी भरला असेल तर त्यानं मागे घ्यायचा. म्हणजे निवड बिनविरोध. आमदारकीला, खासदारकीला इथली माणसं रांगेत उभी राहून मत देतात. पंच मात्र देव देतो. आणि देवानं आजवर तो एकाच घरातून दिला आहे. आधी बाप, मग मुलगा.

तो मुलगा म्हणजे आबा, आता सत्तरी ओलांडलेले. यंदाही कौल त्यांनाच झाला होता. सुलभाचा नवरा दत्ताराम त्यांच्या भावकीतला, नात्यानं पुतण्या.

मग तिनं अर्ज का भरला? त्यासाठी ती मला घरामागच्या कुळागरात घेऊन गेली. पोफळी, केळी, मिरवेल, आणि मधून डोंगरातल्या झरीचा पाट. पाटातलं पाणी तांबडं होतं. वर कोणीतरी घरं बांधायला डोंगर कापला होता, त्याची माती पहिल्या पावसापासून खाली येत होती आणि अर्ध्या वाड्याच्या बागा त्याच पाण्यावर होत्या. ती आबांकडे गेली होती, ग्रामसभेत बोलली होती, पुन्हा आबांकडे गेली होती. ते दर वेळी चहा पाजायचे आणि बघूया म्हणायचे.

"आबा वायट न्हय, ताई," ती म्हणाली. "पूण तांकां कोण विचारपी ना." जाब विचारणारंच कोणी नाही, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या अर्जामुळे मानकऱ्यांनी ठरवलं होतं की परवा सकाळी, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, पुन्हा कौल लावायचा आणि या वेळी सुलभाचं नाव घेऊन विचारायचं. तिनं मागे घ्यावं का? उजवी पाकळी पडली की तिनं दुपारपर्यंत पेडण्याच्या कचेरीत जाऊन सही करायची. देवाचा शब्द मोडला तर काय होईल असं मी विचारलं. उघड काहीच होणार नव्हतं. फक्त पुनवेच्या जत्रेत दत्तारामच्या घराण्याकडे देवाचं तरंग, म्हणजे वस्त्रांनी सजवलेला खांब, धरायचा मान असतो. तो खांब खांद्याला लागला नाही, तर या वाड्यात मान वर करून चालता येत नाही.

दत्ताराम डिचोलीच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवतो. संध्याकाळी आला, अंघोळ करून ओट्यावर बसला. बायकोला अडवणार नाही, असं त्यानं मला स्वतःहून सांगितलं. मग म्हणाला की देवळात मात्र मान खाली घालायची वेळ येऊ नये. सुलभा आत होती, पण ऐकत होती. ताटं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मी आबांनाही भेटून आले. घर जवळच. ते पावसात सादळलेली आमसुलं अंगणात पुन्हा उन्हाला घालत होते. इतका गोड माणूस मी क्वचित पाहिला आहे. तुमच्याकडे निवडणुकीत डोकी फुटतात ना, असं त्यांनी विचारलं. मी होय म्हणाले. इथे इतक्या वर्षांत कोणी कोणाशी बोलायचं थांबलेलं नाही, ते म्हणाले, मग आमचं काय चुकलं? निघताना त्यांनी मूठभर आमसुलं पुडीत बांधून दिली आणि सुलभाचं हुमण आमच्या घरापेक्षा चांगलं असतं, हेही मान्य केलं.

पहिल्या पंचायतीच्या वेळी ते लहान होते, त्यांना फारसं आठवत नव्हतं. आठवेल ते आक्काला, असं ते म्हणाले. आक्का त्यांची थोरली बहीण, डिचोलीकडे आमोण्याला दिलेली. मी दुसऱ्या दिवशी तिकडे जाणार म्हटल्यावर सुलभा म्हणाली, मीपण येते. तिला आक्काचा आशीर्वाद हवा होता, की फक्त एक दिवस वाड्यापासून लांब जायचं होतं, हे तिनं सांगितलं नाही.

शुक्रवार होता, त्यामुळे म्हापशाचा बाजार टाळणं शक्य नव्हतं आणि टाळूही नये. गाडी लांब लावा आणि आत चालत जा. सुक्या मासळीच्या टोपल्या, मातीची भांडी, बोटाएवढ्या मिरच्या, हातभर लांब केळी. आम्ही पातळ भाजी आणि उंडे खाल्ले. उंडे म्हणजे कडक सालीचे गोल पाव. दोघींचं पोट शंभराच्या नोटेत भरलं आणि वर सुटे परत आले. सुलभाला तिथे ओळखीच्या बायका भेटत होत्या. जी ती "आयकलां गो तुजें" म्हणायची आणि लगेच मासळीच्या भावाकडे वळायची.

म्हापशाहून अस्नोड्यावरून डिचोली. रस्ता चांगला, पण कडेची झाडं लाल झालेली, खनिजाच्या धुळीनं. डिचोलीच्या बसस्थानकाजवळ चहा घेतला तर शेजारच्या बाकावर गडहिंग्लजची पोरं निघाली, बांधकामावर आलेली. पगार, पाऊस आणि घरची म्हैस, सगळं त्यांनी एका चहात सांगून टाकलं. आमोणे तिथून जवळ. मांडवीच्या काठी शेतं, पिकत आलेलं भात आणि नदीवरून येणारा वारा. मला तिथे दोन दिवस राहायला आवडलं असतं.

आक्का ऐंशीच्या पुढची, लहानखुरी, कानानं तीक्ष्ण. सुलभानं पाया पडायच्या आधीच तिनं विचारलं, "तूंच गो ती, म्हज्या भावाविरुद्द उबी रावली ती?"

सुलभा हो म्हणाली. आक्कानं तिच्या हातातली म्हापशाची केळी घेतली, एक सोललं आणि खाऊन झाल्यावर म्हणाली की अंगण झाडायला बाई येते तिला निरोप द्या, मी दोन दिवस माहेरी चालले. तिची सून हसायला लागली. सासूबाई गेली तीन वर्षं गुडघ्याचं कारण सांगून कुठे जात नव्हत्या.

मला जे हवं होतं, ते परतीच्या वाटेवर गाडीत मिळालं. आक्का पुढे बसली होती, पट्टा बांधू देत नव्हती. शेवटी सुलभानं मागून हात घालून बांधला.

पहिल्या पंचायतीच्या वर्षी आक्काचं लग्न ठरायचं होतं. पेडण्याहून सरकारी माणूस आला. आता तुमचा माणूस तुम्ही निवडायचा, कोण उभं राहणार ते कळवा, असं सांगून गेला. वाड्यावर आनंद झाला असेल ना, असं मी विचारलं. आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी रस्त्याकडे बघू लागले. आनंद मुक्तीच्या दिवशी झाला होता, ती म्हणाली. नाव द्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला भीती वाटली. पाकले, म्हणजे पोर्तुगीज, परत येतील असं लोक कुजबुजत होते. परत आले तर आधी कोणाला उचलतील? ज्याचं नाव नव्या सरकारच्या कागदावर आहे त्याला. बाजूच्या गावातला एक माणूस नुसत्या पत्रकापायी तुरुंगात जाऊन आलेला सगळ्यांनी पाहिला होता. बारा मानकरी देवळात बसले आणि तू हो, तू हो, करत राहिले. घरात कोण आजारी आहे, कोणाला शेती आहे, कोणाला ऐकू कमी येतं. अंधार पडायला आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, देवाला विचारा. देवानं सांगितल्यावर नाही म्हणता येणार नाही.

पाकळी आक्काच्या वडिलांच्या नावावर उजवी पडली.

"आवय रडली," आक्का म्हणाली. "बापायचे कपडे गांठोड्यांत बांदून दवरिले. पुलीस आयले जाल्यार वेळ वचपाक नाका म्हूण."

तुरुंगात जायच्या तयारीचं ते गाठोडं पुढे कित्येक महिने वडिलांच्या उशाशी होतं. रोजच्या वापराचे कपडेही त्यातूनच काढायचे आणि धुऊन त्यातच ठेवायचे. मग भीती गेली. गाठोडं कधी सुटलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या निवडणुकीला मात्र लोक पुन्हा देवळात जमले, कारण मागच्या वेळी जमले होते.

अस्नोडा मागे पडल्यावर सुलभानं मागच्या बाकावरून विचारलं की हे आबांना माहीत आहे का. आक्का म्हणाली की त्याला सगळं माहीत आहे, तेव्हा आईच्या पदराआड बसून तोही रडत होता.

त्या रात्री बहीणभावात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. आक्का आबांच्या घरी उतरली आणि आम्ही आमच्या.

सकाळी देवळात मला बसू दिलं, बायकांच्या बाजूला, खांबाजवळ. मानकरी आपापल्या जागी, ठरलेल्या क्रमानं. दत्ताराम त्यांत शेवटून दुसरा. सुलभा नवी साडी नेसून आली होती, पिशवीत कचेरीत लागणारं ओळखपत्र घेऊन. तिनं ठरवलं काय होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर तिनं सांगितलं की तिलाही नव्हतं. गुरवानं पाकळ्या भिजवल्या, मूर्तीला लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात करणार, तेवढ्यात आक्का बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नाही.

"बाबू, पयल्या खेपेक देवाक कित्याक विचारिल्लें, तें सांग. मागीर पाकळी मार."

आबा सत्तरीचे, वाड्याचे पंच, त्यांना सगळ्यांसमोर बाबू म्हटलेलं मी ऐकलं आणि मागे दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावलेला पाहिला. कोणी मानकरी म्हणाला की बायकांनी मध्ये बोलायची रीत नाही. आबांनी हात करून त्याला थांबवलं. ते उठले आणि त्यांनी गाठोड्यापासून सुरुवात केली. आईचं रडणं सांगितलं, बाराही जणांची कारणं सांगितली, ज्याला ऐकू कमी येत होतं त्याचं नावही घेतलं. त्याचा नातू समोरच बसला होता, तोही हसला.

"तेन्ना फुडें येवपी कोण नाशिल्लो," आबा शेवटी म्हणाले. "म्हूण देवाचेर घातलें. आज हें चेडूं आपणाहून आयलां. आतां देवाक कित्याक त्रास?"

मग सुलभाकडे वळून ते म्हणाले की मी अर्ज मागे घेणार नाही, तूही घेऊ नको.

इथे एक अडचण झाली. गुरव तसाच हात जोडून उभा होता. लावलेली पाकळी न विचारता काढायची नसते. काहीतरी विचारायलाच हवं. मानकऱ्यांत कुजबुज झाली आणि आबांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं: बा रवळनाथा, आमी सगळे एका पाटाचें उदक पियेतात, ही निवडणूक भांडण नासतना जावं दी. पहिला "व्हय म्हाराजा" दत्तारामचा आला, बाकीच्यांच्या जरा आधीच.

पाकळी पडेना. उन्हं सभामंडपात आली, पायरीवरचं कुत्रं उठून सावलीत गेलं. शेवटी उजवी पडली. आक्का म्हणाली की देवालाही सवय नव्हती, विचार करत होता.

दुपारी मी निघाले. सुलभानं डब्यात हुमण दिलं, ते घाटात सांडू नये म्हणून मी सगळा रस्ता हळू चालवला.

मतदानाच्या वेळी मी कोल्हापुरात होते. निकालाच्या संध्याकाळी सुलभाचा फोन आला. ती थोडक्यात हरली होती. आवाज मात्र हरल्याचा नव्हता. मतमोजणीला बसलेले अधिकारी चक्रावून गेले होते म्हणे, कारण त्या एका वाड्यातून बाद मतांचा ढीग निघाला. पंचायतीला तिथे अजून कागदी मतपत्रिका असते; तिच्यावर दोन चिन्हं आणि शिक्का दोन्हींवर. लोकांना मत देता येत नव्हतं असं नाही, आयुष्यभर त्यांनी आमदार निवडले होते. पण आमदार लांबचा असतो. इथे एकीकडे आबा, एकीकडे सुलभा, दोघांच्या घरचा चहा प्यायलेला. कोणालाच दुखवायचं नाही म्हणून त्यांनी दोघांनाही मत दिलं होतं. बाद मतं धरली असती तर निकाल काहीही लागला असता.

"आनी ताई, घरांतलें आयकात," ती म्हणाली. दत्तारामनं जेवताना कबूल केलं होतं. त्यानंही दोन्हीवर मारला होता. आबा काका लागतात, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याला त्या दिवशी हुमण वाढलं नाही.

मी तो लेख लिहिला. राजधान्यांविषयीच्या सगळ्या लेखांपेक्षा तो लहान झाला, आणि संपादकांनी विचारलं की यात सरकार कुठे आहे. मी म्हटलं, एक वाडा भ्याला, मग त्यानं एका माणसाला पुढे केलं, त्या माणसानं गाठोडं बांधून काम केलं, एवढंच आहे. इतर देशांतही बहुधा असंच कुठेतरी झालं असेल, फक्त तिथे विचारायला कोणी आक्का राहिलेली नाही. गोव्याला जाणाऱ्यांना मी आता किनाऱ्यांच्या आधी पेडणे-डिचोलीचा तो आतला रस्ता सांगते. तीन दिवस पुरतात. पावसात पाणी तांबडं असतं, दिवाळीनंतर जा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा सुलभाच्या दारात आले होते, हातात काठी आणि पायात चिखलात चालायच्या चपला. झरीपर्यंत वर जाऊन डोंगर कुठे कापलाय ते दाखव, म्हणाले. तिनं विचारलं, आज कशी आठवण झाली? आबांचं उत्तर तिनं मला नंतरच्या फोनवर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"देवान म्हाका दिल्लो तेन्ना देव केन्नाच विचारिनाशिल्लो, 'आबा, पाटाचें कितें जालें?' म्हूण. आतां अर्दो वाडो विचारतलो."